वाकड-पुनावळेत नगरसेवक व्हायचंय? मग आत्तापासून मतदार यादी घेऊन बसा

जानेवारी 2026 ची महापालिका निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, आणि आता दर दोन सोसायट्यांमागे एक जण म्हणतोय की पुढच्या वेळी आपलाच माणूस उभा करायचा. चांगलं आहे. पण हे वाक्य 2017 नंतरही ऐकलं होतं, आणि मग मार्च 2022 ला मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक बसला, ओबीसी आरक्षणाची केस सुप्रीम कोर्टात लटकली, तोपर्यंत अर्ध्या लोकांचा उत्साह ईएमआय भरण्यात गेला. मुदत पाच वर्षांची असते म्हणजे पुढची निवडणूक 2031 च्या आसपास धरा, आणि खरंच उभं राहायचं असेल तर काय काय करायला लागतं ते एकदा नीट लिहून टाकतो. मी पिंपरी-चिंचवडच्या हिशोबाने लिहितोय, वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, किवळे, मोशी, चऱ्होली असा जो कडेचा पट्टा आहे जिथे दर वर्षी नवीन टॉवर उभे राहतात त्याच्यासाठी, पण वाघोली किंवा खारघरवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी, तुमचं घर महापालिकेत आहे का ते बघा. हसू नका. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाहीत, तिथे ग्रामपंचायत आहे, एमआयडीसी आहे, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. पत्त्यात बिल्डरने "वाकड अ‍ॅनेक्स" लिहिलं म्हणून तुम्ही वाकडचे होत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या भागात माणसं आहेत पण मतं नाहीत. समजा 400 फ्लॅटची सोसायटी आहे, म्हणजे 800-900 तरी मोठी माणसं. आता यादी काढून मोजा त्यातली इथली मतं किती. बहुतेक ठिकाणी आकडा बघून उमेदवार खाली बसतो. कुणाचं नाव अजून लातूरला, कुणाचं जळगावला, कुणाचं अमरावतीला, कुणाचं चिंचवडगावातच पण जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर, कुणाचं इंदूरला. आणि कित्येक जण मुद्दाम हलवत नाहीत कारण गावी ग्रामपंचायतीला भावकीतला कोणीतरी उभा असतो आणि एका मताने सरपंचपद जातं, त्यामुळे आई म्हणते नाव तिकडेच राहू दे. उलट मूळ गावठाणातलं मत एकगठ्ठा असतं, यादीत असतं, आणि सकाळी अकराच्या आत पडलेलं असतं. सोसायटीवाले लोकसंख्येने जास्त असूनही निवडणुकीत कमी पडतात त्याचं मोठं कारण हेच आहे, बाकी पैसा, दादागिरी वगैरे आपण स्वतःला समजावायला सांगतो.

तर काम इथून सुरू करा आणि निवडणुकीच्या वर्षात नाही, आत्ता. राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची जी यादी असते तीच घेऊन प्रभागांमध्ये फोडतो. म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर महापालिकेच्या वेळी कितीही बोंब मारा, नाव येत नाही. त्यासाठी एक तारीख ठरवतात, मागच्या वेळी ती 1 जुलै 2025 होती, आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. ऑक्टोबरमध्ये जागे झालेल्या लोकांनी भरलेले फॉर्म वाया गेले नाहीत, पण या निवडणुकीला उपयोगी पडले नाहीत.

फॉर्मचं सोपं आहे. नाव कुठेच नसेल तर फॉर्म 6, आधी दुसरीकडे नाव आहे आणि आता इथे आणायचंय तर फॉर्म 8. लोक गोंधळ करतात, दुसरीकडे नाव असताना सहा नंबर भरतात आणि मग दोन ठिकाणी नाव राहतं, जे कायद्याने चालत नाही. मागच्या वेळी प्रारूप यादीत अशा दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन स्टार टाकले होते. ऑनलाइन फॉर्म भरला की काम झालं असंही समजू नका, नंतर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा बूथ पातळीवरचा कर्मचारी, घरी येतो पडताळणीला, आणि इथे आपल्या सोसायट्यांची मजा आहे, गेटवर सिक्युरिटीवाला त्याला सोडत नाही, अ‍ॅपवर अ‍ॅप्रूव्हल जातं, साहेब मीटिंगमध्ये असतात, बीएलओ बिचारा शाळेतला शिक्षक नाहीतर अंगणवाडी ताई, तो किती वेळा येणार, शेरा मारतो "पत्त्यावर आढळले नाही" आणि अर्ज गेला. यावर उपाय एकच, कमिटीशी बोलून एक रविवार ठरवा, क्लब हाऊसमध्ये टेबल लावा, बीएलओंना आधी फोन करून बोलवा, चहा-पोहे ठेवा, लोकांना आधार आणि वीजबिल किंवा इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा) घेऊन खाली यायला सांगा. भाडेकरूंना विसरू नका, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट असेल तर त्यांचंही नाव लागतं, आणि आपल्याकडे कमिट्या भाडेकरूला माणूसच समजत नाहीत त्यामुळे तुम्ही विचारलंत तर ते लक्षात ठेवतात.

एक सोसायटी झाली की दुसरी. वर्षाला दहा-बारा सोसायट्या जरी नीट केल्या तरी पाच वर्षांत तुमच्याकडे अशी यादी असेल जी कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात नाही. यात कुणाला मत द्या म्हणायचं नाही, फक्त नोंदणी. आणि पक्षवाले तुम्हाला बोलवायला लागतील ते भाषण ऐकून नाही, ही वही बघून.

प्रभागाचा आकार पण समजून घ्या. पिंपरी-चिंचवडमध्ये 32 प्रभाग आणि 128 नगरसेवक, म्हणजे एका प्रभागात चार. ही रचना 2011 च्या जनगणनेवर आहे, तेव्हा शहराची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती, म्हणजे सरासरी प्रभाग 54 हजारांचा. 2011 ला पुनावळ्यात काय होतं आठवा, शेतं आणि वीटभट्ट्या. त्याच जुन्या आकड्यावर आपण अजून मतदान करतोय, त्यामुळे कडेच्या प्रभागांत माणसं दुप्पट-तिप्पट झाली तरी नगरसेवक तेवढेच. पण आता 2027 ची जनगणना होतेय, तिचे आकडे पुढच्या निवडणुकीआधी आले आणि वापरले तर वाकड-रावेत-मोशी पट्ट्याच्या जागा वाढायला हव्यात, आणि प्रभागांच्या हद्दी पार बदलतील. म्हणून एकाच रस्त्याच्या या बाजूला सगळं काम करून बसू नका, हद्द उद्या तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडवरून जाईल. प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली की नकाशा उघडून गट नंबर, नाला, डीपी (विकास आराखडा) रोड सगळं तपासा आणि हरकत लेखी द्या. यादी फुटल्यावर पण तेच, मागच्या वेळी कितीतरी इमारतींची नावं शेजारच्या प्रभागात गेली होती. हरकतीला मुदत थोडी असते, तेव्हा दिवाळीच्या ट्रिपला जाऊ नका.

आता पॅनेल पद्धत. हे ज्याला कळत नाही त्याने उभं राहू नये. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, आणि मतदाराने चार मतं द्यायची, प्रत्येक जागेला एक, कोणीच नको असेल तर त्या जागेला नोटा. अपक्षाची खरी अडचण इथे आहे. पक्षाचे चार उमेदवार असतात आणि चौघांचं चिन्ह एक, मतदार आत जाऊन एकच चित्र चार वेळा शोधतो. तुम्ही चार अपक्ष मिळून "सोसायटी पॅनेल" केलं तरी चिन्हं चार वेगळी, एकाला कपबशी, एकाला शिट्टी, आणि ती मिळतात अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला दोन आठवडे पण नसतात. 50 हजार मतदारांना दोन आठवड्यांत चार चित्रं पाठ करून घ्यायची, करून बघा. 2017 ला इथे 128 पैकी 5 अपक्ष आले होते, तेही बहुतेक ज्यांचं नाव आधीच घराघरात होतं असे. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा उभं राहणाऱ्या सोसायटीतल्या माणसाने पक्षाची दारं बंद करू नयेत. "आम्ही राजकारणी नाही" हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर छान वाटतं, मशीनवर त्याला बटण नसतं.

आरक्षणाची सोडत निघेपर्यंत कोणालाच काही माहीत नसतं. निम्म्या जागा महिलांच्या, म्हणजे 128 पैकी 64. त्यामुळे पाच वर्षं तुम्ही काम केलं आणि तुमच्या प्रवर्गाची जागा महिला राखीव निघाली असं होऊ शकतं, मग आयत्या वेळी बायकोला उभं करायचं आणि बॅनरवर स्वतःचा फोटो मोठा लावायचा हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि सोसायटीतल्या बायकांना त्याचा मनापासून तिटकारा आहे. त्यापेक्षा सुरुवातीपासून टीममध्ये दोन-तीन अशा बाई ठेवा ज्या स्वतः महापालिकेत जाऊन इंजिनिअरशी भांडू शकतात. प्रत्येक सोसायटीत एक असतेच, पाण्याच्या टँकरचा हिशोब तिच्याकडे असतो. आणि खरं सांगू का, बऱ्याचदा तीच जास्त चांगली उमेदवार असते.

मुद्दे कुठले घ्यायचे? पाणी, अजून काय. नोव्हेंबर 2019 पासून शहराला दिवसाआड पाणी आहे. बिल्डर बांधकाम परवानगीच्या वेळी लिहून देतो की पालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत मी देईन, मग ताबा देतो, सोसायटी हँडओव्हर होते आणि टँकरचं बिल आपल्या मेंटेनन्समध्ये येतं. हे हमीपत्र प्रत्येक सोसायटीने माहिती अधिकारात मागवलं पाहिजे, आणि नगरसेवक व्हायला निघालेल्या माणसाने ते काढून दिलं तर त्याला भाषणाची गरज नाही. पण पाण्याचं राजकारण पण माहीत असू द्या. पवना धरणातून थेट पाइपलाइन आणायची होती, मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध, 9 ऑगस्ट 2011 ला गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, तेव्हापासून तो विषय अडकलेला. आजही पवनेचं पाणी नदीतून येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीत शुद्ध होतं. आंद्रा आणि भामा आसखेड धरणं हे दुसरे मार्ग. "मी निवडून आलो की 24 तास पाणी" असं जो म्हणतो त्याला यातलं काही माहीत नाही किंवा माहीत असून बोलतोय.

नगरसेवकाच्या हातात काय आणि काय नाही हे आधी स्वतःला विचारा. अंतर्गत रस्ते, ड्रेनेज, पथदिवे, कचरा, उद्यान, पालिकेच्या शाळा, दवाखाने, डीपीतली आरक्षणं (शाळा, मैदान वगैरेंसाठी राखलेल्या जागा) ताब्यात घेणं, हे पालिकेचं. भुमकर चौकातला हायवे आणि त्याचा सर्व्हिस रोड हा राष्ट्रीय महामार्गाचा, वीज महावितरणची, बस पीएमपीएमएलची, ट्रॅफिक पोलिसांचं. लोक तुम्हाला भुमकर चौकावरूनच विचारणार आणि तिथे तुम्ही फक्त पाठपुरावा करू शकता, तसंच सांगा. आणि पालिकेतही पैशाच्या मोठ्या निर्णयांची चावी स्थायी समितीत असते, 16 सदस्यांची. तिथे जायला पक्षाचं संख्याबळ लागतं, परत तोच मुद्दा.

डीपी मात्र वाचा. मे 2025 मध्ये सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप आलं तेव्हा हजारो हरकती गेल्या, कुणाच्या घरावर रस्ता, कुणाच्या शेतावर आरक्षण. तुमच्या प्रभागात शाळेचं, दवाखान्याचं, मैदानाचं आरक्षण कुठे आहे आणि त्यावर आत्ता काय चाललंय याचा एक नकाशा करून ठेवलात तर दहा उमेदवारांत तुम्ही एकटे असाल. पुनावळ्याच्या कचरा डेपोचं आठवतं ना, जागा कित्येक वर्षं आरक्षित होती, आजूबाजूला टॉवर झाले, लोक राहायला आल्यावर कळलं, मोर्चे निघाले, मग 2023 च्या शेवटी तो रद्द झाल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. ज्यांनी तेव्हा कागद काढले त्यांची नावं लोकांना अजून माहीत आहेत.

आणि गाववाल्यांशी भांडण घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोसायटी विरुद्ध गाव असं केलं की टाळ्या मिळतात आणि निवडणूक जाते. तुमच्या प्रभागात गुंठेवारीतले लोक आहेत, वस्त्यांमधले लोक आहेत, काळा खडकसारखी झोपडपट्टी आहे, बैठ्या चाळी आहेत. त्यांचे मुद्दे वेगळे, अनधिकृत बांधकामांचा शास्तीकर हा इथे कित्येक निवडणुकांचा विषय होता, 2023 ला तो माफ झाला. ज्याची जमीन गेली आणि ज्याने त्या जमिनीवर फ्लॅट घेतला ते दोघंही एकाच नळाच्या पाण्याला रांगेत आहेत. उत्सवाला जा, दशक्रियेला जा, ग्रामदैवताच्या यात्रेला वर्गणी द्या, आणि फक्त निवडणुकीच्या वर्षी जाऊ नका, लोक बरोबर ओळखतात. पक्षाने तिकीट दिलंच तर पॅनेलमधले बाकीचे दोघं-तिघं गावातलेच असणार आहेत, त्यांची भावकी तुम्हाला मत देईल की तुमची जागा सोडून बाकी तीन बटणं दाबेल, हे या पाच वर्षांत ठरतं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, पण हे चुकलं तर बाकी सगळं वाया. वय 21 पूर्ण पाहिजे. नाव महापालिकेच्या यादीत कुठल्याही प्रभागात चालतं, सूचक-अनुमोदक मात्र जिथून उभं राहणार त्याच प्रभागातले मतदार घ्या आणि त्यांचा अनुक्रमांक अंतिम यादीवरून दोनदा तपासा. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर अपात्र. पालिकेची थकबाकी नको, घरपट्टी-पाणीपट्टी भरून दाखला घ्या. शौचालय वापराचं प्रमाणपत्र लागतं, होय, 22 व्या मजल्यावर राहणाऱ्यालाही. पालिकेच्या ठेक्यात तुमचा हिस्सा नको. राखीव जागेवरून लढणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढा, अर्जाची पोच जोडून लढता येतं पण मग निवडून आल्यावर सहा महिन्यांत ते आणावं लागतं नाहीतर पद जातं. आणि एक कलम असं आहे की नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं असेल तर पद जाऊ शकतं. टेरेस बंदिस्त करून घेतलेल्या मंडळींनी शांतपणे विचार करावा.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, उत्पन्न, सगळं येतं. एकही रकाना मोकळा सोडू नका, लागू नसेल तर "निरंक" लिहा. आंदोलनात जमावबंदीचा गुन्हा दाखल झाला असेल आणि तुम्ही विसरला असाल तर विरोधी उमेदवार विसरलेला नसतो, पोलीस स्टेशनला जाऊन माहिती घ्या. अनामत सर्वसाधारणला 5000, राखीव प्रवर्ग आणि महिलांना 2500. हे पैसे रोख तयार ठेवा. वकील मित्र एक हवाच, छाननीच्या दिवशी तो तुमच्या शेजारी पाहिजे.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार आहात हे सांगणारा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. तो हातात येईपर्यंत तिकीट मिळालं असं समजू नका, फोनवर किती का शब्द दिलेला असेना. मागच्या वेळी पुण्यात एका उमेदवाराने दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी गाजली होती, नंतर त्याने नाही म्हटलं, पण वातावरण काय असतं ते कळावं म्हणून सांगितलं.

खर्चाची मर्यादा 2026 ला पिंपरी-चिंचवडसाठी 13 लाख होती, पुण्याला 15, पनवेलला 9. प्रत्यक्षात या भागात काय खर्च होतो ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, त्यावर इथे बोलण्यात अर्थ नाही. पण तुम्ही त्या स्पर्धेत उतरलात तर घर विकावं लागेल आणि तरी हराल, कारण जमीन विकून लढणाऱ्याशी पगारदार माणूस पैशात जिंकत नाही. तुमचा पैसा कशावर लावायचा? माझ्या मते मतदार स्लिपा, बूथवरची माणसं आणि मतदानाच्या दिवशी गाड्या. फ्लेक्सवर सगळ्यात कमी. सोसायटीचा मतदार चौकातला फ्लेक्स बघून चिडतो, आणि परवानगी नसेल तर वर कारवाई. त्याऐवजी प्रत्येक इमारतीत एक माणूस, ज्याच्याकडे फक्त त्या इमारतीची यादी आहे आणि जो दुपारी दोन वाजता फोन करून विचारतो की काका, मतदान झालं का. सुट्टी मिळाली की लोणावळ्याला जाणारी जमात आपली, 15 जानेवारी 2026 हा गुरुवार होता, शुक्रवारी एक रजा टाकली की चार दिवस. तारखा जाहीर झाल्या की पहिला मेसेज हाच टाका की बुकिंग करू नका.

निवडणूक खर्चाचं बँक खातं वेगळं काढा, अर्ज भरायच्या आधी, आणि हिशोब लिहायला एक चिकट स्वभावाचा माणूस बसवा, शक्यतो सोसायटीचा खजिनदार. रोजचा खर्च रोज द्यावा लागतो, चहावाल्याचं बिल, रिक्षाचं भाडं, स्पीकर, सगळ्याचे दर ठरवून दिलेले असतात आणि त्या दराने धरतात, तुम्हाला मित्राने फुकट दिलं तरी. निकाल लागला की जिंकणारा मिरवणुकीत आणि हरणारा घरात, हिशोब दोघंही विसरतात. निकालापासून 30 दिवसांत अंतिम हिशोब दिला नाही तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतात, हरलेल्यालासुद्धा. दिल्यावर शिक्का मारलेली पोच घ्या आणि फाईलला लावा.